रश्श्यात दोन चमचे लोणचं

आष्टी, ता. परतूर
४ ऑगस्ट २०२४

मेहरुन्निसा बेगम, मस्तगड, जुना जालना यांना वंदना राधेश्याम सोळंके हिचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्या लाल मिरचीच्या लोणच्याची बरणी मी परतूरच्या बाजारातून आणली. तिच्यावर हा पत्ता आहे. फोन नंबरही आहे, पण लावला की हा नंबर बंद आहे असंच ऐकू येतं. म्हणून पत्र लिहिते.

एक विचारायचं आहे. लोणचं शिजवलेलं चालतं का?

झालं असं. आमच्या घरी सगळ्या भाज्यांना काळा मसाला लागतो आणि तो माझ्या सासूबाई, गिरिजाबाई, स्वतः करतात. वर्षाचा एकदाच. या वर्षी त्यांना मिरची मिळाली नाही म्हणे, मसाला निम्माच झाला. दहा दिवसांपूर्वी शेतात खुरपणीला बाया होत्या. त्यांचं आणि घरच्यांचं मिळून नऊ माणसांचं जेवण. वांगी चुलीवर शिजत आलेली आणि मसाल्याचा डबा उघडला तर तळाला चिमूटभर. शेजारी कुलूप. मी तुमच्या बरणीतलं दोन मोठे चमचे लोणचं रश्श्यात घातलं आणि देवावर हवाला ठेवला.

सासूबाईंनी परत भाजी मागितली. मी लग्न होऊन या घरात आले त्याला एकवीस वर्षं झाली. आजवर त्यांनी माझ्या हातची भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली नव्हती.

तेव्हापासून मी चार वेळा तसंच केलंय. रोज लोणचं शिजवून पोटात गेलं तर काही अपाय तर नाही ना, तेवढं कळवा. घरात म्हातारं माणूस आहे.

आपली,
वंदना

———

मस्तगड, जुना जालना
१२ ऑगस्ट २०२४

वंदनाबाईंना सलाम.

नाही चालत.

अपाय होतो म्हणून नाही. माझ्या लोणच्यात मिरची, मीठ, चिंच, लसूण, मोहरी, मेथी आणि करडईचं तेल, याच्याशिवाय काही नसतं. लहान लेकरानेही खावं. चालत नाही ते वेगळ्या कारणाने. हे लोणचं मी बत्तीस वर्षं घालते. भोकरदनकडची मिरची एकेक निवडून घेते, देठं हाताने काढते, लसूण सोलून घेते, मेथी एवढी नीट भाजते की रंग पाहून लोकांना केशर वाटावं. ते कशासाठी? ताटात डाव्या अंगाला बोटभर असावं, माणसाने घासाला लावावं आणि पाणी मागावं. तुम्ही ते हंडीभर रश्श्यात सोडलं. कुणाला नवं रेशमी कापड द्यावं आणि त्याने त्याचं पोतेरं करावं, तसं मला वाटलं.

फोन नंबर माझ्या मुलाचा, नोमानचा जुना. लेबलं दोन हजार छापून ठेवली आहेत, संपतील तेव्हा बदलेन.

राग मानू नका, पण एक सांगा. मोहरी कडू कशी झाली नाही? गरम तेलात लोणचं टाकलं की ती कडू होतेच. बिलकुल होते.

मेहरुन्निसा

———

आष्टी
२० ऑगस्ट २०२४

मेहरुन्निसाआपांना नमस्कार.

आपा म्हटलेलं चालेल ना? तुम्ही रागवलात तेही मोठ्या बहिणीसारखंच वाटलं.

मोहरीचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. दुसऱ्या वेळी मी घाई केली, लोणचं तेलातच टाकलं, तर भाजी कडू झाली आणि ती मी एकटीने संपवली. तिथून शिकले. आता फोडणी करते ती बरणीच्या वरच्या तेलाची. त्या तेलात मिरचीचा रंग आणि लसणाचा वास असतो, त्यातच कांदा परतते. खालचा गर मात्र भाजी पूर्ण शिजल्यावर घालते, दोन उकळ्या येऊ देते आणि उतरवते.

बटाटा असेल तर आणखी जपावं लागतं. चिंचेच्या आंबटात बटाटा शिजत नाही, तासभर उकळला तरी कडकच राहतो. तुरीच्या डाळीचंही तसंच. आधी शिजवायचं, मंग लोणचं. मीठ वेगळं घालायचं नाही. रस्सा पातळ वाटला तर शेंगदाण्याचा कूट, बस्स. वांगं, बटाटा, शेवग्याच्या शेंगा, अंडी, सगळ्यांना चालतं. भेंडीला चालत नाही, करून पाहिलं.

मी तुमच्या कापडाचं पोतेरं केलं नाही, आपा. चोळी शिवून अंगावर घातली.

दोन बरण्या एसटीच्या पार्सलने पाठवता येतील का?

तुमची,
वंदना

———

मस्तगड
३ सप्टेंबर २०२४

वंदनास दुआ.

तू माझ्या सुनेहून फार मोठी नसशील, म्हणून आता तूच म्हणते.

तुझं पत्र मी माझ्या मालकांना, सिराजोद्दीनसाहेबांना वाचून दाखवलं. ते घड्याळं दुरुस्त करायचे, आता डोळ्यांनी साथ सोडली म्हणून घरी असतात. बोलणं कमी. सगळं ऐकून म्हणाले, "बाई हिशेबी आहे. करून बघ."

मी अंड्याचं सालन केलं, तुझ्या पद्धतीने. वरच्या तेलाची फोडणी, गर शेवटी. अंबरीन, म्हणजे माझी सून, शेजारी उभी राहून हसत होती. नोमानने ताट पुसून खाल्लं. रात्रीसाठी उरलेला रस्सा साहेबांनी दुपारीच संपवला.

मी हरले असं समजू नकोस. लोणचं चांगलं होतं म्हणून सालन चांगलं झालं. पण एवढं मान्य करते, की बत्तीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

मला मराठी कशी येते असं मनात आलं असेल. अंबडला माझ्या माहेरी गल्लीजवळची शाळा मराठीच होती, दहावीपर्यंत तिथेच शिकले. निबंधात पहिली यायचे. नवा फोन आहे, पण तो नोमानच्या खिशात दुकानात असतो, आणि फोनवर मी चिडले की ठेवून देते. कागदावर चिडलं तरी वाक्य पूर्ण करावं लागतं. तू लिहीत जा.

बरण्या आज पाठवल्या. शेवग्याची शेंग करून पाहते.

मेहरुन्निसा

———

आष्टी
२९ सप्टेंबर २०२४

आपा,

बरण्या पोचल्या. यजमान, राधेश्याम, परतूरच्या स्टँडवरून घेऊन आले.

तुमच्यापासून एक गोष्ट लपवली होती, ती आता सांगते. सासूबाईंना हे लोणचं ठाऊकच नाही. त्या बाहेरचं केलेलं काही खात नाहीत. लग्नाच्या पंगतीलाही घरची भाकरी बांधून नेतात. ही त्यांची तरुणपणापासूनची रीत. भाजीला चव आली ती त्यांच्या काळ्या मसाल्याची, आणि सुनेच्या हाताला अखेर वळण लागलं, असं त्यांना वाटतंय. परवा शेजारच्या बाईला सांगत होत्या, "आता मला मसाल्याची फिकीर न्हाई. वंदनाला माझा हात आला."

बरणी मी तांदळाच्या पिंपामागे ठेवते. त्या दुपारी झोपल्या की काढते. एवढी वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली तो मिळाला, आणि तो खोटा आहे. सांगावं तर त्या जेवणार नाहीत. न सांगावं तर रोज त्यांना फसवून राह्यले.

आणखी चार बरण्या हव्यात. घाई नाही.

वंदना

———

मस्तगड
१२ नोव्हेंबर २०२४

वंदनास दुआ.

पत्राला उशीर झाला. ऑक्टोबरात ताप होता, पंधरा दिवस पडून होते. आता बरी आहे. चार बरण्या सोबत पाठवते, नव्या मिरचीच्या आहेत, दिवाळीनंतर घातलेल्या.

बरणी लपवतेस हे वाचून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. माझं नाव पिंपामागे ठेवण्यासारखं नाही. खरं सांगून टाक. जेवल्या तर जेवल्या, नाहीतर त्यांची मर्जी. ज्याला आपण खाऊ घालतो त्याच्याशी तरी माणसाने सरळ असावं.

मेहरुन्निसा

———

आष्टी
२२ नोव्हेंबर २०२४

आपा,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी सांगितलं. बरणी सासूबाईंच्या पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, "आई, चव याची आहे. मसाला आषाढातच संपला." त्यांनी चष्मा लावून लेबल वाचलं, नाव, पत्ता, सगळं. बरणी बाजूला सारली आणि त्या रात्री दूधभाकर खाल्ली.

दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासत होते तर मागून आवाज आला, "लसूण ठेचून घालती का अख्खा?" मी म्हटलं, अर्धा ठेचून, अर्धा अख्खा. त्या म्हणाल्या, "तरीच." दुपारी ताटावर बसल्या तेव्हा मी त्यांच्यासाठी वेगळं वरण केलं होतं. म्हणाल्या, "ते राहू दे. सगळ्यांचं आहे तेच वाढ. इतके दिवस पोटात गेलंच आहे."

मी एवढी खूश झाले की तुमच्या नव्या बरणीचं झाकण उघडलं आणि वांग्याचा रस्सा केला. आणि आपा, तो कडू झाला. खारट तर इतका की बाजूला अळणी बटाटे उकडून त्यात टाकावे लागले. मला वाटलं माझं चुकलं. पुन्हा केलं, दोनच्या जागी एक चमचा. तरी कडूच.

तुम्ही आजारातून उठलात, आणि मी हे लिहिते. पण या खेपेच्या बरण्यांत काहीतरी बिघडलं आहे. एकदा पाहाल का?

वंदना

———

मस्तगड
२९ नोव्हेंबर २०२४

वंदनाबाईंना,

बरणी तीच, मिरची तीच, हात तोच. याच खेपेच्या चाळीस बरण्या जालन्यात गेल्या. एकाही घरातून तक्रार नाही. लोणचं हे ताटात खायची चीज आहे हे मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. शिजवून कडू लागलं तर तो दोष माझा नाही.

आणि एक विचारते. चार महिने जे गोड लागलं ते लेबल वाचल्यावरच कडू कसं झालं? सासूबाईंच्या जिभेला माझं नाव तर कडू लागलं नाही ना, ते आधी पाहा.

मेहरुन्निसा

———

आष्टी
९ डिसेंबर २०२४

आपा,

तुमच्या पत्रातला शेवटचा परिच्छेद मी सासूबाईंना वाचून दाखवला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण मी पत्र घडी करून ठेवलं आणि विचार केला, आपांना पुरावा पाहिजे. मंग पुरावाच देते.

सप्टेंबरातल्या एका बरणीत तळाला थोडं उरलं होतं. मी दोन भांडी घेतली. एकाच शेताचे बटाटे, एकच कांदा, पाणी मापून. एकात जुन्या बरणीचा एक चमचा गर, दुसऱ्यात नव्या बरणीचा. कोणतं कोणतं ते मला एकटीलाच ठाऊक. सासूबाई, यजमान आणि शेजारच्या उषाबाई, तिघांना दोन्ही वाढलं. तिघांनीही जुन्याला चांगलं म्हटलं. सासूबाईंनी तर दोन्ही पोळीला लावून पुन्हा पुन्हा चाखलं. जुन्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे त्या बाईचं." म्हणजे तुमचं. नाव कडू लागलं असतं तर त्यांनी दोन्ही सारले असते.

दुसऱ्याबद्दल म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहिते: "मेथी करपली हाये. भाजताना नाक कुठं गेल्तं हिचं?"

ताटात बोटभर खाल्लं तर हे कळत नाही, आपा. मी चाखून पाहिलं, तिखटाखाली सगळं झाकून जातं. म्हणून तुमच्या चाळीस घरांतून तक्रार आली नसेल. पण रश्श्यात तेच लोणचं मोकळं होतं. मिरची पातळ होते आणि करपलेली मेथी, जास्तीचं मीठ, सगळं एकेक करून वर येतं. तुमच्या लोणच्याची परीक्षा माझ्या हंडीत होते, तुम्हाला आवडो वा न आवडो.

आजारपणात हे काम दुसऱ्या कुणाला दिलं असेल तर तसं सांगा. मला राग नाही. पण हा तुमचा हात नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

तुमचीच,
वंदना

———

मस्तगड
३ जानेवारी २०२५

वंदना,

तीन आठवडे कागद समोर घेऊन बसते आणि उठते. आज पूर्ण करते.

काम दुसऱ्या कुणाला दिलं नाही. हात माझाच आहे. पण तुझ्या सासूबाईंनी जे विचारलं त्याचं उत्तर फक्त मला ठाऊक होतं. माझं नाक गेलं आहे. ऑक्टोबरच्या तापात गेलं ते परत आलं नाही. पहिल्यांदा चहा पाण्यासारखा लागला. मला वाटलं ताप उतरला की येईल. उतरला, आलं नाही. तिखट तेवढं जिभेला चावतं. बाकी गोड, खारट, आंबट काही नाही. मीठ म्हणजे तोंडात वाळू.

मी कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं बत्तीस वर्षांचा हात आहे, तो चुकणार नाही. पण मी कधी मापून घातलंच नव्हतं. मेथी वासावर उतरवायची आणि मीठ जिभेवर ठरवायचं. हाताला त्यातलं काही येत नव्हतं, तो फक्त हुकूम पाळत होता.

तुझं पत्र वाचून मी बरणी उघडली आणि साहेबांपुढे ठेवली. म्हटलं, खरं सांगा. त्यांनी बोटाने चाखलं. मग म्हणाले, "दोन महिन्यांपासून जेवण खारट आहे." मी अंबरीनला बोलावलं. तिने खाली मान घातली. मी वळले की ती पातेल्यात पाणी घालायची. नोमान दुकानातच जेवतो म्हणून सांगत होता, ते यासाठी. घरात सगळ्यांना कळलेलं होतं. मी त्यांच्यापासून लपवत होते आणि ते माझ्यापासून.

तुला मी सरळ वागण्याचा उपदेश केला त्या दिवशीही मला चहाचा वास येत नव्हता. आणि तुझ्या सासूबाईंबद्दल जे लिहिलं ते लिहायला नको होतं. माझ्या नावाची ढाल केली, कारण दुसरं काही हातात नव्हतं. त्यांना माझी माफी सांग.

नोमान दुकानांत फिरून उरलेल्या बरण्या परत घेऊन आला. डॉक्टर म्हणतात येईलही, नाहीही, सहा महिने वाट पाहा. पण मिरचीवाल्याला ऐंशी किलोचा शब्द दिलेला आहे, ताप यायच्या आधीचा. माल अकरा तारखेला, शनिवारी येतो. ओली मिरची आठवडाभर थांबत नाही. साहेब म्हणतात, या वर्षी नाही म्हणून सांग. अंबरीन म्हणते मी चाखते, पण तिला कुठे थांबायचं ते माहीत नाही, तिला मी कधी शिकवलंच नाही. मला वाटायचं अजून वेळ आहे.

बहुतेक नाहीच म्हणेन. तुला कळवणं माझं काम होतं.

मेहरुन्निसा

———

आष्टी
७ जानेवारी २०२५

आपा,

नाही म्हणू नका. आम्ही येतोय.

तुमचं सगळं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं, माफीसकट. आधीच्या पत्रातलं कडू नावाचं वाक्यही सांगितलं, कारण आता लपवायचं नाही असं ठरवलंय. त्यांनी हातातली वात वळून ठेवली. मंग म्हणाल्या, "रविवारी गाडी किती वाजता हाये?" मी म्हटलं, हल्ली तुमचे गुडघे धरतात, त्याचं काय? म्हणाल्या, "मेथी गुडघ्याने भाजत्यात का?"

त्यांची जीभ चार महिने तुमच्या लोणच्यावर तयार झालेली आहे. कुठं थांबायचं ते त्यांना ठाऊक आहे, आणि मलाही. तुम्ही मिरची घ्या.

मी हे पत्र पोस्टात टाकते आणि लेबलावरच्या बंद नंबरासारखं होऊ नये म्हणून राधेश्याम मिरचीच्या बाजारात विचारून नोमानभाईंचा नवा नंबर काढणार आहेत. रविवारी सकाळी परतूरहून बसतो. जेवणाची तसदी घेऊ नका, सासूबाईंची भाकरी सोबत असेल.

वंदना

———

आष्टी
१७ जानेवारी २०२५

आपा,

मंगळवारी रात्री सुखरूप पोचलो. एका दिवसाचं म्हणून आलो आणि तीन दिवस राहिलो, घरी राधेश्याम पिठलं खाऊन होते.

परतीच्या गाडीत सासूबाई सारखं हाताचा वास घेत होत्या. मिरचीने बोटं लाल झाली, आग होत होती, तरी तक्रार नाही. शेजारच्या सीटवरच्या बाईने विचारलं, कुठून आलात? तर म्हणाल्या, "जालन्याला गेल्तो, आमच्या मेहरुन्निसाबाईकडं. मिरचीचं काम निघालं होतं."

एक गोष्ट मला कळली नाही. रविवारी मी आणि अंबरीन गच्चीवर मिरच्या पुसून पसरत होतो तेव्हा तुम्ही दोघीच खाली चुलीपाशी होतात. आम्ही खाली येईपर्यंत सासूबाईंच्या ताटात तुमच्या घरचं सालन होतं. मी आज विचारलं तर म्हणतात, "तिलाच विचार." म्हणून विचारते.

वंदना

———

मस्तगड
२ फेब्रुवारी २०२५

वंदनास खूप दुआ.

विचारलंस, तर सांगते.

तुम्ही वर गेलात आणि मी तव्यावर मेथी घातली. तुझ्या सासूबाई पाटावर बसल्या होत्या, तव्याकडे तोंड करून, डोळे मिटून. मी हलवत होते. मला ऐकू येत होतं, दाणे तडतडत होते, पण कधी थांबायचं ते कळत नव्हतं. त्यांनी डोळे न उघडता माझं मनगट धरलं. म्हणाल्या, "अजून न्हाई. अजून न्हाई. आता." मी तवा उतरवला. दाण्याचा रंग पाहिला. बराबर तोच, वर्षानुवर्षं जो व्हायचा तो.

मी रडले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "मला बी गुडघ्याचं कुणाला सांगायचं नव्हतं. मसाला निम्मा झाला तर मी म्हणाले, मिरचीच मिळाली न्हाई." वंदना, हे तुलाही ठाऊक नसेल. त्यांनी सांगायला परवानगी दिली आहे.

त्यानंतर मिठाची वेळ आली. दर मुठीला त्या चाखत होत्या आणि मी वहीत वजन लिहीत होते. साहेबांनी घड्याळाच्या कामातला जुना छोटा तराजू काढून दिला होता. बारा वेळा चाखून झाल्यावर त्यांची भाकरीची वेळ झाली. फडकं सोडलं. अंबरीनने सकाळी बटाट्याचं सालन करून ठेवलं होतं, ते मी झाकून बाजूला सारलं, त्यांना संकोच नको म्हणून. त्या म्हणाल्या, "झाकता कशाला? सकाळपासून तुमच्या घरचं मीठ खाऊन राह्यले की मी." वाटी पुढे केली. भाकरी त्यांची, सालन आमचं. मी लोणचंही वाढलं, डाव्या अंगाला बोटभर. ते त्यांनी उचललं आणि सालनात कालवलं. माझ्यासमोर.

ऐंशी किलोच्या बरण्या भरून झाल्या. अंबरीनने मागच्या आठवड्यात एकटीने मेथी भाजली. मी शेजारी नुसती बसले होते. दाण्यांचा आवाज विरळ होतो तेव्हा तिचं नाक सांगतं ती वेळ येते, हे आता आम्हा दोघींना कळलं आहे. तिच्याजवळ वास आहे, माझ्याजवळ आवाज आणि वही. दुकानदारांना मी स्वतः जाऊन सांगितलं, मला चव येत नाही, सून चाखते, पटत असेल तर माल ठेवा. एकाने ठेवला नाही. बाकीच्यांनी ठेवला. प्रत्येक खेपेची पहिली बरणी तुला येईल. रश्श्यात घालून पाहा आणि तू हो म्हटलंस की बाकीच्या बाहेर पडतील. हे काम मी तुला सांगत नाही, तुझ्यावर सोपवते.

नाक अजून आलेलं नाही. काल सकाळी कोथिंबीर निवडताना काहीतरी जाणवल्यासारखं झालं, पण ते मनाचं असेल. मी त्याची वाट पाहत बसत नाही.

शेवटी एक घरातली गोष्ट. शुक्रवारी डाळ मी केली. साहेब, नोमान, अंबरीन, सगळे एकत्र बसले होते. साहेबांनी पहिला घास घेतला, थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आज नमक कम है."

तीन महिन्यांत घरात कुणी आपणहून माझ्या हातच्या जेवणाला नाव ठेवलं नव्हतं. मी उठले आणि मिठाचा डबा आणून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चिमूटभर घेतलं, कालवलं आणि जेवू लागले. मीही जेवायला बसले.

तुझी,
आपा